भिंतीचं पॅकिंग

"या घराण्याने काचेची झुंबरं पेट्यांत बांधली, संगमरवरी पुतळे बांधले, एका मंत्र्याचं पुरुषभर उंचीचं तैलचित्र बांधलं, आणि तीन पिढ्यांत टवका उडाल्याची एक तक्रार आलेली नाही!" असं म्हणून अप्पांनी वाक्याला शोभेल असा पूर्णविराम द्यायचा म्हणून पाठीमागच्या भिंतीवर मूठ आपटली.

भिंतीपलीकडे काहीतरी खळ्ळकन फुटलं.

जेवणाच्या टेबलाभोवती बसलेल्या घराण्याने भिंतीकडे माना वळवल्या. मग भिंतीतून सिस्टरांचा आवाज आला.

"कप होता, अप्पा. बशी शाबूत आहे. चालू द्या तुमचं."

सिस्टर नात्याने कुणाच्या कोणी नव्हत्या. इस्पितळात ऑपरेशनच्या वॉर्डाच्या प्रमुख म्हणून त्या निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत अजूनही माणसं खोकताना आधी त्यांची खिडकी बंद आहे ना, हे बघून घेत. दोन्ही घरांमध्ये भिंत एकच होती. इकडच्यांचं जेवणघर आणि तिकडची सिस्टरांची एकुलती मोठी खोली, तिच्यात त्यांचा पलंग, त्यांचा ओटा आणि त्यांचं सगळं आयुष्य, यांच्यामध्ये ती एकटी उभी होती. आता तिच्यात गर्डर घालायचा होता.

गर्डर बेबीसाठी होता. बेबी, अप्पांची मुलगी, सेहेचाळीस वर्षांची होती. तिच्या पाठीवर धाकटा जन्मला तरी बेबी हे पद तिच्याकडेच राहिलं होतं. गेल्या वर्षी ती संसारातून दोन बॅगा घेऊन परत आली, तेव्हा 'हे तुझंच घर आहे' असं सगळ्यांनी तिला इतक्यांदा सांगितलं, की त्यात झोपायचं कुठे हे विचारायचं राहूनच गेलं. ती खाली पॅकिंगच्या खोलीत झोपत होती. डोळे उघडले की समोरच्या पेटीवर 'नाजूक' आणि 'हा भाग वर' असं लिहिलेलं दिसायचं, आणि दिवसाची सुरुवात त्या दोन सूचना स्वतःला लावून बघण्याने व्हायची. गच्चीवर तिच्यासाठी एक खोली काढायचं ठरलं होतं. खोलीचा भार पेलायला लोखंडी गर्डर हवा, आणि त्याचं एक टोक या सामाईक भिंतीत बसवल्याशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या टोकाबद्दल घरात मतभेद नव्हते, कारण तिकडची भिंत स्वतःची होती.

सिस्टरांनी होकार दिला होता, पण एका अटीवर. "काढा खोली. माझ्या घराला काही झालं, तर मात्र काम तिथल्या तिथे बंद. मग तो गर्डर अर्धा आत असो की अर्धा बाहेर."

आणि काम बंद पडलं तर काय, हेही बेबीला ठाऊक होतं. थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या तोंडी अलीकडे 'नोकरदार महिलांचं वसतिगृह' हे शब्द येऊ लागले होते. तिथल्या खिडक्या म्हणे फार मोठ्या होत्या.

"मुद्दा असा आहे," दादा आता टेबलावर बोटं वाजवत म्हणाला. धंदा तोच बघायचा, त्यामुळे घरातल्या बोलण्यालाही तो मुद्दे घालायचा. "सिस्टरांना थोडे दिवस दुसरीकडे पाठवलं, तर—"

"मी कुठेही जाणार नाही," भिंत म्हणाली.

सगळ्यांनी खुर्च्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओढल्या.

"घर हलवता येत नाही, माणूस हलत नाही," वहिनी कुजबुजली. "मग जपायचं कसं ते बोला."

"सोपं आहे," धाकटा म्हणाला. "घरच पॅक करू."

धाकटा आजवर जे जे गंभीरपणे बोलला होता, ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्याने टेम्पो बदलायला सांगितलं, कुणी ऐकलं नाही. लग्न करायचं नाही म्हणाला, तेही कुणी ऐकलं नाही. आज त्याने विनोद केला, आणि अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्याच रक्ताचा आहेस," ते म्हणाले.

सकाळी उजाडल्या उजाडल्या घराणं सिस्टरांच्या दारात हजर झालं. पुढे अप्पा, हातात सुतळीचा गुंडा. मागे दादा, पुठ्ठ्याच्या भेंडोळ्यासह. धाकट्याच्या डोक्यावर रिकाम्या पेट्या आणि वहिनीच्या काखेत गाद्या. सगळ्यात शेवटी बेबी पेंढ्याचं पोतं ओढत होती. सिस्टरांनी दार उघडलं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बाजूला झाल्या. अपघाताचे पेशंट एकदम आले की त्या अशाच बाजूला होत.

पुढचं सगळं बेबीला बघायला मनापासून आवडलं. घरात एकमेकांशी धड न बोलणारी ही माणसं बांधाबांधीला लागली की त्यांचे हात एकमेकांशी बोलू लागत. दादा कप उचलायचा, वहिनी कागद गुंडाळायची, धाकटा पेंढ्यात खड्डा करून ठेवायचा, आणि अप्पा झाकण ठोकून सुतळीची गाठ मारायचे. कुणाला काही सांगावं लागत नव्हतं. कप गेले, बरण्या गेल्या, आरसा गेला, रेडिओ गेला.

"माझा चष्मा कुठे आहे?" सिस्टर एकदा म्हणाल्या.

सगळे थांबले. वहिनीने दादाकडे पाहिलं, दादाने धाकट्याकडे आणि धाकट्याने खिळे मारलेल्या पेट्यांच्या रांगेकडे.

"सुरक्षित आहे," अप्पा म्हणाले. "त्याची काळजी सोडा."

"काळजी नाही करत. नाकावर हवा होता."

पण पेटी काही उघडली गेली नाही. घराण्याचा नियमच तसा होता. एकदा बांधलेली पेटी वाटेत उघडायची नाही. ती मुक्कामाला पोचली की ज्याचा माल, त्यानेच उघडायची. या नियमापायी अप्पांच्या वडिलांनी एकदा स्वतःचा डबा चुकून पेटीत गेला म्हणून दोन दिवस उपाशी प्रवास केला होता, आणि ती गोष्ट घरात अजून अभिमानाने सांगितली जाई.

शेवटी भिंतीची पाळी आली. छतापासून जमिनीपर्यंत आधी फोम लावला, वर गाद्या, गाद्यांवर प्लायवूड, आणि कडेने पट्ट्या ठोकून सगळं आवळलं. पलंगापुरती जागा सोडून भिंतीला टेकून पेट्यांची दुहेरी रांग रचली. अप्पांनी मागे सरून पाहिलं.

"हत्ती येऊन आदळला तरी सिस्टरांना कळणार नाही."

"मला कळलेलं बरं," सिस्टर म्हणाल्या. पण त्यांचा पलंग तेवढा उरला होता, आणि त्या दमून त्यावर बसल्या होत्या. उशीच्या मागे हातभर अंतरावर गाद्यांची भिंत होती.

दुपारी मिस्त्री आला. मिस्त्री बोलका होता, आणि शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं. आत येऊन त्याने पेट्यांकडे बघत डोकं खाजवलं.

"टेकू कुठे लावू? भोक पाडताना दोन्ही बाजूंनी टेकू लागतात, साहेब. इथे तर पेट्या आहेत."

"पेट्या हलायच्या नाहीत," अप्पा म्हणाले.

"आपल्या बाजूने लाव," दादा म्हणाला. "इकडे एवढ्या गाद्या आहेत."

"गादीवर भिंत टेकत नाही, साहेब."

"भिंतीने टेकायचंच कशाला? तिला एवढं जपलंय."

मिस्त्रीने यावर विचार केला. "तेही खरंच," तो म्हणाला, आणि एकाच बाजूला टेकू लावून भिंत फोडायचा ब्रेकर सुरू केला.

आवाज असा होता, की जेवणघरात पाण्याचे पेले आपोआप टेबलाच्या कडेकडे चालू लागले. दादा दर तासाला सिस्टरांकडे जाऊन प्लायवूडवर हात फिरवून यायचा आणि "जसंच्या तसं!" असं जाहीर करायचा. प्लायवूड खरोखरच जसंच्या तसं होतं. बेबी गच्चीवर जाऊन खडूने आखलेल्या रेषांमध्ये उभी राहायची. इथे कॉट. इथे टेबल. इथून रस्त्याकडची खिडकी, फार मोठी नाही. त्या रेषांबाहेर ती कोरडे कपडे गोळा करायला येई, आत मात्र उगाच येई.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिस्टरांसाठी चहा घेऊन गेली. त्यांचा ओटाच बांधला गेल्यामुळे त्यांचं चहापाणी इकडूनच जात होतं. सिस्टर खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून तोंड धूत होत्या. बेबीने कप पलंगाशेजारी ठेवला आणि तिची नजर खाली गेली.

प्लायवूडच्या खालच्या फटीतून बारीक पांढरी भुकटी सांडली होती. पीठ चाळल्यासारखी. बेबी बघत असतानाच तिच्यावर आणखी चिमूटभर पडली.

बेबी पॅकिंगवाल्यांच्या घरातली होती. पेटी हलवली आणि आतून अशी भुकटी गळली, तर आत काय झालेलं असतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

कोपऱ्यात केरसुणी होती. चष्मा पेटीत होता. सिस्टरांना उशीपलीकडचं काही दिसत नव्हतं आणि गर्डर आज दुपारी बसणार होता. दोन वेळा केरसुणी फिरवली असती, की काम झालं असतं. केरसुणी तिच्या हातातही आली. ती तशीच उभी राहिली, आणि तिला दिसलं की भुकटीची रेघ बरोबर सिस्टरांच्या उशीमागे संपत होती.

"काय गं, केर काढतेस?" सिस्टर तोंड पुसत वळल्या.

"नाही," बेबी म्हणाली. तिने केरसुणी जागेवर ठेवली. "सिस्टर, भिंतीतून गिलावा गळतोय. तुम्हाला दिसत नाहीये, पण बराच आहे."

सिस्टरांनी टॉवेल खांद्यावर टाकला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. वॉर्डातली सवय.

"किती वेळ?"

"माहीत नाही. आत्ताही गळतंय."

"मग पट्टी सोड."

"अप्पांना विचारायला हवं. बांधलेलं उघडत नाहीत आमच्यात."

"आमच्यात उघडतात," सिस्टर म्हणाल्या. "जखम झाकायची, पण रोज सोडून बघायची. जी बघायची नाही, ती जखम बांधायचीच नाही. आण हातोडी."

पहिला खिळा निघाला तो आवाज भिंतीतून पलीकडे गेला. घराणं आवाज ओळखत होतं. पट्टी सुटून खाली पडेपर्यंत सगळे दारात जमले होते.

"बेबी!" अप्पांचा आवाज फाटला. "वाटेत उघडतेस?"

"अप्पा, हे घर कुठे चाललंय?" बेबी वळली नाही. तिने हातोडीची नखं पुढच्या खिळ्यात घातली. "त्याला कुठे पोचायचं नाहीये. ते पोचलेलंच आहे."

"तुला कळतंय का तू काय करतेयस?" दादा पुढे आला. "काही नसलं तर उगाच शोभा. आणि काही निघालं तर तुझीच—" तो थांबला.

"माझीच खोली जाईल. कळतंय." तिचा आवाज हलला, हात नाही. "प्लायवूड धर, नाहीतर सिस्टरांच्या पलंगावर पडेल."

दादाने प्लायवूड धरलं. धाकट्याने न सांगता दुसरी बाजू धरली. गाद्या निघाल्या, फोम निघाला.

भेग वरच्या कोपऱ्यात, गर्डरच्या भोकापासून निघाली होती आणि तिरकी उशीच्या दिशेने उतरली होती. वर बोट जाईल एवढी, खाली केसाएवढी.

अप्पा एका पेटीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते बांधलेल्या मालावर बसले होते.

मिस्त्री मागून डोकावला. "मी कालच म्हणालो होतो, टेकू लावा."

"म्हणाला होतास," वहिनी म्हणाली. "आणि मग 'तेही खरंच' पण म्हणाला होतास."

"तेही खरंच."

दादाने प्लायवूड भिंतीला टेकवलं. "म्हणजे मिटलं," तो हळूच म्हणाला. "अट अट असते. बेबी, तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्या वसतिगृहाच्या खिडक्या—"

"त्या खिडक्यांचं नाव पुन्हा काढलंत ना," वहिनी म्हणाली, "तर तुम्हीच जाऊन राहा तिथे."

"ते महिलांसाठी आहे."

"मग बाहेर उभे राहून खिडक्या बघा! स्वतःच्या खोलीवर पाणी सोडून पोरीने सांगितलं, आणि तुम्ही तिला पुन्हा बाहेरचा रस्ता दाखवताय?"

वहिनी आजवर दादाच्या बाजूची समजली जात होती. वसतिगृहाचा पत्ता तिनेच आणला होता. ही बाजू नेमकी कधी बदलली, ते दादाला कळलं नाही, आणि बेबीलाही कळलं नाही. तिला फक्त इतकं दिसलं, की वहिनीने तिच्या हातातली हातोडी काढून घेतली आणि उरलेले खिळे स्वतः उपटायला सुरुवात केली.

या सगळ्यात सिस्टर कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या भेगेला हाताने चाचपत होत्या. वरून खाली, मग दोन्ही बाजूंनी दाबून. मध्येच भिंतीवर बोटाने टकटक करून कान लावला. माणसाची छाती तपासावी तसं.

"चष्मा," त्या म्हणाल्या.

अप्पा उठले. ज्या पेटीवर बसले होते तिचंच झाकण त्यांनी स्वतःच्या हाताने उचकटलं. घराण्याने दुसरीकडे पाहिलं. पेंढ्यातून त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि दिला.

सिस्टरांनी तो चढवून भेग पुन्हा एकदा बघितली.

"माझ्या घराला काही झालं तर काम बंद, असं मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "झालंय."

बेबीने मान हलवली.

"पण पेशंट बिघडला की आम्ही वॉर्डातले दिवे मालवून घरी जात नव्हतो. मिस्त्री, टेकू इकडून लावला तर भोक पुरं करता येईल?"

"येईल ना. पण ब्रेकरने नको, छिन्नीने. वेळ लागेल. आणि गर्डरच्या टोकाखाली काँक्रीटची बैठक घालावी लागेल, म्हणजे भार एका विटेवर येणार नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"साहेब म्हणाले, गाद्या आहेत."

"आता मी म्हणतेय," सिस्टर म्हणाल्या. "या पेट्या इथून हलवा. टेकू लावा. भिंत उघडी राहील, आणि रोज सकाळी मी बघेन. भेग केसभर जरी पुढे सरकली तरी काम बंद, आणि तेव्हा मी ऐकणार नाही. पलंग खिडकीकडे घ्या. तोवर मी..." त्यांनी बेबीकडे पाहिलं. "तुझ्याकडे जागा आहे का?"

"पॅकिंगच्या खोलीत," बेबी म्हणाली. "पेट्या आहेत सगळीकडे."

"मला सवय झालीय आता."

त्यानंतरचे दिवस घराण्याला जड गेले. बांधायचं काहीच नव्हतं. सिस्टरांनी भेगेच्या टोकाशी पेन्सिलने आडवी रेघ मारली, आणि रोज सकाळी सगळ्यांना त्या रेघेसमोर उभं राहावं लागे. याला त्या राउंड म्हणत. उशीर झालेला त्यांना चालत नसे. भुकटी किती पडली ते धाकट्याने सांगायचं, टेकूच्या पाचरी घट्ट आहेत का ते दादाने बघायचं. दादा पहिल्या दिवशी फुरंगटून आला. पुढे पुढे तो सगळ्यांच्या आधी येऊ लागला, आणि एकदा बेबीने त्याला भिंतीपाशी वाकून अगदी हलक्या आवाजात "आज बरी दिसतेय" म्हणताना पकडलं.

"कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही." मग भिंतीकडे बघतच तो म्हणाला, "बेबी, खोलीला रस्त्याकडची खिडकी जरा मोठी ठेवायची का?"

"मिस्त्रीला विचार."

"विचारलं. तो म्हणाला, तेही खरंच."

आणि ती रात्री हसत झोपली, शेजारच्या कॉटवर सिस्टर घोरत असताना.

छिन्नीचा आवाज टकटक, टकटक असा दिवसभर यायचा. पेन्सिलची रेघ जिथे मारली होती, भेग तिथेच थांबून राहिली. काँक्रीट सुकलं. मग एका सकाळी दोर लावून, ओरडून, एकमेकांच्या बुद्धीचा उद्धार करून गर्डर वर गेला, भोकात शिरला आणि बैठकीवर टेकला. सगळे धावत सिस्टरांच्या खोलीत आले. सिस्टरांनी चष्मा लावून रेघ पाहिली. बराच वेळ पाहिली.

"हललेली नाही," त्या म्हणाल्या.

वहिनीने बेबीच्या दंडाला असा चिमटा काढला, की बेबी ओरडली. धाकटा मिस्त्रीला मिठी मारून मोकळा झाला. बेबीला वाटलं काहीतरी बोलावं. पण बोलायची तिला गरज पडली नाही, कारण अप्पा पुढे झाले होते. त्यांनी कोटाची बटणं लावली.

"सिस्टर," ते म्हणाले. "आजपर्यंत मी समजत होतो, की माणसाने माल जपावा तो झाकून. या वयात मला कळलं, की जपायचं म्हणजे रोज बघायचं. माझ्या मुलीलाही मी खाली खोलीत ठेवून दिलं आणि वाटलं, जपली. आज मी शब्द देतो. या भिंतीची एक वीट जरी डगमगली, तरी हे सगळं घराणं, लहानथोर, तिला पाठ लावून उभं राहील. आमच्या पिढ्या जातील, पण ही भिंत—"

दादाने डोळे पुसले. मिस्त्रीने टोपी काढली.

सिस्टरांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी ओट्याखालून एक जुनं स्टूल ओढलं, भेगेच्या वरच्या टोकाखाली ठेवलं आणि पेन्सिल कानामागे खोवली.

"छान बोललात, अप्पा," त्या म्हणाल्या. "आता एवढं स्टूल धरा. डुगडुगतंय."